जास्तीचं ताट

गालीना,

मी घर झाडलं नाही.

जाताना तू मला बजावलं होतंस, "नंदोच्का, मी गेली की लगेच झाडून घे." स्ट्रेचर घेऊन आलेली माणसं दाराशी उभी होती, तुझे इक्बालभाई औषधं पिशवीत कोंबत होते, आणि त्या गडबडीत तू हे बोललीस. माणूस घराबाहेर पडल्यावर लगेच झाडू फिरवला तर त्याची परतीची वाट पुसली जाते, हे मला तूच सांगितलं होतंस. तसं नाशिकला माझ्या आईनंही सांगितलं होतं, पण आईचं आपण ऐकतो कुठे! इतकी वर्षं पाहुणे गेल्यावर तू माझ्या हातातला झाडू काढून घ्यायचीस, आणि त्या दिवशी तूच म्हणालीस, लगेच झाडून घे. मी शाळेत मोठ्या मुलांना केमिस्ट्री शिकवणारी बाई. त्या वाक्यानं मात्र मी घाबरले.

मी तुझा झाडू बाल्कनीत नेऊन ठेवला आणि बाल्कनीच्या दाराला कडी घातली. दुसऱ्या दिवशी वाळूचं वादळ आलं. खिडक्यांच्या फटींतून ती पिवळी पूड आत आली, जेवणाच्या टेबलावर बसली, तुझ्या खुर्चीवर बसली. जमातीतल्या बायका चौकशीला आल्या, त्यांनी झाडू शोधला, मी त्यांना खुशाल खोटं सांगितलं की मोडलाय. तरीही तू परत आली नाहीस. मग मी कशाला न झाडता राहिले, सांग बरं.

आता तुला जाऊन दोन आठवडे होत आले. तू समोर असतीस तर मी कडाकडा भांडले असते. समोर नाहीस म्हणून लिहिते आहे. तुला मराठी वाचता येत नव्हतं, ऐकलेलं मात्र सगळं कळायचं, तेव्हा लिहून झालं की हे मी मोठ्यानं वाचणार आहे.

आम्ही दोह्यातल्या अल अझीझियाच्या त्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. लिफ्टचं दार उघडलं, सामानासकट आम्ही बाहेर पडलो, आणि समोरच्या फ्लॅटच्या दारात तू उभी. हातांवर लाल नक्षीचा पांढरा टॉवेल, त्यावर घागरीच्या बुडासारखा गोल पाव, पावाच्या मध्यभागी इवलीशी वाटी, वाटीत मीठ. गोरीपान, लालबुंद गालांची बाई, आणि तोंडानं रत्नागिरीची मराठी, "आत या. उंबऱ्यावरून द्यायचा नाय. तोडा, मिठात बुडवा, खा." माझ्या नवऱ्यानं, अविनाशनं, माझ्या कानात विचारलं, "पावाबरोबर नुसतं मीठ? जेलमध्ये आलोय का आपण?" मी मात्र मिठाकडे बघून मागे सरकले होते. आमच्याकडे मीठ कुणी कुणाच्या हातात देत नाही, भांडण होतं. मी तसं म्हटल्यावर तू टॉवेलसकट खदखदून हसलीस. "आमच्याकडं पन! मीठ सांडला की भांडान!" वाटीतलं थोडं मीठ तेव्हा सांडलंच. ते भांडण पुरं व्हायच्या आत तू निघून गेलीस, एवढीच माझी तक्रार आहे.

इक्बालभाई तरुणपणी तुमच्या देशात इंजिनिअर व्हायला गेले आणि डिग्रीबरोबर तुला घेऊन रत्नागिरीला उतरले. मराठी तू सासूबाईंच्या चुलीपाशी शिकलीस, म्हणून तुला भाज्यांची, माशांची आणि रागावण्याची मराठी पक्की येत होती. निकाह झाला, घरात दारू नाही, डुकराचं मांस नाही, ते तू एका शब्दात सोडलंस. पण जेवणाच्या टेबलावरचे तुझे कायदे तू सासूबाईंच्याही हातात दिले नाहीस. काळ्या पावाचं तुमच्याकडचं पीठ दोह्यात मिळेना, तर रत्नागिरीहून नाचणीचं पीठ मागवून तू तो पाव केलास. शेपू तर तू कशातही घालायचीस, बटाट्यात, माशात, दह्यात. शेपूचा वास आला की नाक मुरडणारा माझा नवरा तुझ्याकडे मुकाट गिळायचा, कारण ताटात काही उरलं की तू विचारायचीस, "काय चुकला माझा?" आग्रहाच्या बाबतीत आम्हा मराठी माणसांना उगीच गर्व आहे. आम्ही जिलेबीचा आग्रह करतो. तू उकडलेल्या बिटाचा करायचीस.

शुक्रवारची नमाज झाली की तुझ्याकडे जेवण, हे ठरूनच गेलं होतं. कोकमाच्या सरबताचे ग्लास भरायचे, एकेकानं उठून दोन शब्द बोलायचे, ग्लासाला ग्लास लावायचा. पहिला आल्या-गेल्यांसाठी. दुसरा मुलांसाठी. तिसरा ग्लास मात्र उभ्यानं, न बोलता, न टेकवता. तो मेलेल्यांचा. पहिल्यांदा मी चुकून पुढे केला तर तू माझं मनगट धरलंस. त्याच दिवशी तू सांगितलंस की तुमच्याकडे मरण म्हणजे एक म्हातारी असते, पायी चालत येते, हातात भलामोठा विळा. मी म्हटलं, आमचा यम निदान रेड्यावर बसून येतो. तू म्हणालीस, "मग तुमचा लवकर पोचत असंल." त्यावर आपण सगळे किती हसलो. तुझी मरियम तेव्हा लहान होती, तिनं इंग्रजीत विचारलं की त्या म्हातारीला घर कसं सापडतं. तू तिच्या ताटात बटाटे वाढलेस आणि म्हणालीस, जेव.

आणि चमचा. सुरी खाली पडली तर पुरुष पाहुणा येणार, चमचा पडला तर बाई. येणारी नको असेल तर चमचा उचलून टेबलावर तीनदा ठोकायचा आणि म्हणायचं, आज नको. चौथ्या मजल्यावरच्या त्या सोन्याबद्दलच बोलणाऱ्या बाई आठवतात? चमचा पडला आणि तू तो असा ठोकलास की वाट्या नाचल्या. त्या दिवशी त्या आल्या नाहीत. मोठी ऐट करून तू माझ्याकडे पाहिलंस. त्या आदल्याच रात्री मुंबईला गेल्या होत्या, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तू तुझ्या गावाहून परत आलीस आणि चमचे पडायला लागले.

आधी डाव पडला, बिटाचं लाल सूप फरशीभर झालं. मग साखरेचा चमचा. मग एकाच जेवणात दोनदा. सुरी कधी पडायची नाही, कारण सुरी तू हातात धरेनाशीच झाली होतीस; पाव मरियम कापायची. हे मी पाहत होते आणि तरी पाहत नव्हते. तुझ्या खिडकीसमोर त्या वर्षी तो उंच टॉवर चढत होता, त्याची क्रेन दर शुक्रवारी थोडी आणखी वर गेलेली दिसायची, आणि आपण त्यावर गप्पा मारायचो. चमचा पडला की तू वाकायचीस, उचलायचीस, टक टक टक. आज नको. मला गंमत वाटायची. तुला किती वेळा "आज नको" म्हणावं लागतंय, हे मोजण्याची बुद्धी मला झाली नाही.

थंडी सरता सरता एका शुक्रवारी चमचा पडला आणि तू ठोकला नाहीस.

तू तो उचललास, पदराला पुसावा तसा एप्रनला पुसलास, स्वयंपाकघरात गेलीस आणि एक ताट घेऊन आलीस. दाराकडच्या कोपऱ्याच्या खुर्चीसमोर ते मांडलंस, बाजूला तोच चमचा. कोपऱ्यावर बसलेल्या मुलीचं लग्न होत नाही, म्हणून त्या खुर्चीवर तू मरियमला कधी बसू द्यायची नाहीस. मी विचारलं, "कोण येणार आहे?" तू म्हणालीस, "एक बाई येतंय. लांबून चालत येतंय. दमली असंल."

इक्बालभाईंनी मान खाली घातली. मरियम उठून आपल्या खोलीत गेली. मी एकटीच हसत राहिले.

त्यानंतर ते ताट दर शुक्रवारी असायचं. मला ते बघवेना. आमच्याकडे न दिसणाऱ्या माणसासाठी पान वाढतात ते फक्त पितृपक्षात, आणि मी तुला हे अगदी स्पष्ट सांगितलं. "उचल ते, गालीना. मला नाही आवडत."

"पाहुणा घरात, देव घरात," तू म्हणालीस.

"न बोलावलेला पाहुणासुद्धा?"

"त्याला पन आधी खायला द्यायचा. मग इचारायचा, कशाला आलास."

"आणि पोटभर खाऊन तो म्हणाला, तुला न्यायला आलो, तर?"

तू माझ्या ताटात आणखी एक धिरड्यासारखं ते तुमचं ब्लिन वाढलंस, वर चक्का घातलास. "तर त्याला सांगता येतो, बाबा, माझा हात रिकामा नाय. अजून पाहुनी जेवते हाय." आणि माझ्याकडे बघून हसलीस. त्या हसण्याचा अर्थ मला आज लागतो. तेव्हा मी ब्लिन खाल्लं, चांगलं झालं होतं.

नसांचा आजार होता. तुझ्या गावच्या डॉक्टरनं आदल्या उन्हाळ्यातच सांगितलं होतं, हात जातील, मग गिळणं जाईल, मग श्वास. इक्बालभाईंना ठाऊक होतं, मरियमला ठाऊक होतं. माझ्यात आणि तुझ्यात दोन दारं आणि एक लिफ्ट, पण मला ठाऊक नव्हतं. पुरुष तुला कब्रस्तानात ठेवून आले त्या संध्याकाळी मी इक्बालभाईंना विचारलं, मला का नाही सांगितलंत. ते बिचारे खुर्चीच्या कडेवर बसले होते. "वहिनी, तिनं शपथ घातलेली. म्हनायची, नंदा आपल्याकडं येते ती पाव्हनी. पाव्हन्याच्या ताटात आपला दुख वाढायचा नाय."

पाहुणी!

गालीना, हे माझं तुझ्याशी भांडण आहे, आणि ते मी सोडणार नाही. इतक्या वर्षांच्या शुक्रवारांनंतर मी पाहुणी? माझा मुलगा तापानं फणफणला तेव्हा रात्रभर तू त्याच्या उशाशी बसलीस. तुझी आई गेल्याचा फोन आला तेव्हा पहिली हाक तू मला मारलीस, आणि आपण दोघी तुझ्या बाथरूमच्या फरशीवर बसून रडलो. तरी तुझ्या स्वयंपाकघरात तू मला एकदाही पाऊल टाकू दिलं नाहीस. पाण्याचा ग्लास हवा असेल तरी, "बस गो, मी आनते." चमचा पडला आणि दुसरा हवा झाला तर मी उठायच्या आत तू उठायचीस, तेव्हासुद्धा, पाय अडखळायला लागले होते तेव्हासुद्धा. मला तो तुझा मोठेपणा वाटायचा. आमच्याकडे जे माणूस खरंच आपलं असतं ना, त्याला कुणी वाढत नाही. त्याला म्हणतात, घे गं तुझं तू. तू मला हे कधी म्हणाली नाहीस. आयुष्यभर माझ्यासमोर पाव आणि मीठ धरून दारात उभी राहिलीस, आणि मी समजत होते की मी आत आहे.

शेवटच्या दिवशीही तुझं यजमानपण सुटलं नाही. स्ट्रेचरवाली माणसं घाई करत होती, त्यातला एक "यल्ला, यल्ला" म्हणत होता. तू हात वर केलास. प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी घडीभर बसायचं, न बोलता. दर उन्हाळ्यात आम्ही नाशिकला निघालो की तू येऊन आम्हाला बॅगांवर बसवायचीस, खाली टॅक्सी हॉर्न मारत असायची, आणि मी माझ्या बाजूनं मुलाच्या हातावर दही घालायचे. तसंच त्या दिवशी तू सगळ्यांना बसवलंस. इक्बालभाई, मरियम, मी टेबलाभोवती टेकलो, ती दोन अनोळखी माणसंसुद्धा बसायला आली. एक खुर्ची कमी पडली, पण कोपऱ्याच्या त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. ज्याला जागा नव्हती तो भिंतीला टेकून उभा राहिला. तू त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान हलवलीस, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. मग म्हणालीस, चला. आणि मला म्हणालीस, झाडून घे.

दही घालायचं मला सुचलं नाही. घरात होतं.

आता टेबलावर तुझ्यासाठी एक ग्लास आहे, पाण्यानं भरलेला, वर नाचणीच्या पावाची चकती. ते इक्बालभाईंनी केलं. तुमच्याकडे चाळीस दिवस ठेवतात, त्यांच्याकडेही चाळीसावा असतो, तेव्हा त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. पाव वाळून कडेनं वर उचलला गेलाय. त्या ग्लासाला माझी काही हरकत नाही. तो तुझा आहे.

हरकत आहे ती ताटाला. ते अजून तिथेच होतं, कोपऱ्यात. रोज मरियम ते पुसायची आणि परत मांडायची. आणि स्वतः काही खायची नाही. मी डबे आणायचे, तिचं एकच उत्तर, "आंटी, प्लीज, आय एम नॉट हंगरी." तुझी ही लेक, सतरा वर्षांची. आपलं मराठी सगळं समजतं, तोंडातून शब्द मात्र इंग्रजी. तिची मनगटं काडीसारखी झाली होती. मला वाटायचं, तू त्या म्हातारीला एवढ्या प्रेमानं बसवलंस, खाऊपिऊ घातलंस, आता ती जायचं नावच घेत नाहीये. हसू नकोस. मी केमिस्ट्री शिकवते, पण संध्याकाळी तुझ्या दाराची बेल वाजवताना हे असलं मनात यायचं. मी तुलाच विचारायचे, ते ताट मी उचलू का? माझा तेवढा हक्क आहे का? पाहुणीनं यजमानाच्या टेबलावरचं ताट उचलावं, हे तुझ्या कुठल्या कायद्यात बसतं?

काल शुक्रवार होता. तुम्ही मेलेल्या माणसासाठी गहू शिजवून मधात कालवता, हे तू मला एकदा सांगितलं होतंस आणि मी म्हटलं होतं, अगं ही तर आमची गव्हाची खीर. सूक वाकिफच्या बाजारातून कांडलेले गहू आणले, गूळ घरात होता, मनुका तुझ्या पद्धतीनं जास्त घातल्या. तुझ्याच निळ्या काठाच्या पातेल्यात खीर नेली. तू त्यात मासे पाठवले होतेस, ते पातेलं माझ्याकडेच राहून गेलं होतं, आणि रिकामं भांडं परत करायचं नाही हे आपल्या दोघींच्याही घरात पक्कं.

इक्बालभाई नमाजेहून आले. आम्ही तिघं बसलो. कोकमाचे ग्लास भरले, तिसरा आम्ही उभ्यानं घेतला, न टेकवता. मी वाढायला खीर घेतली. मरियम आपल्या रिकाम्या ताटाकडे बघत बसली होती. माझ्या हातातून चमचा निसटला आणि फरशीवर पडला.

इक्बालभाईंनी डोळे मिटले. मी वाकणार, तेवढ्यात मरियम खुर्चीवरून उठली. तिनं चमचा उचलला. कितीतरी वेळ तो हातात धरून ती त्या कोपऱ्यातल्या ताटाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता ही तो पुसणार आणि त्या ताटाशेजारी ठेवणार. मला तिला नको म्हणायचं होतं.

तिनं तो टेबलावर ठोकला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा इतक्या जोरात की तुझ्या ग्लासावरचा तो वाळका पाव हलला.

"आज नको," ती म्हणाली. मराठीत, गालीना. तुझ्याच त्या रत्नागिरीच्या मराठीत, तुझ्याच हेलात. "आज घरचीच मान्सा हायत."

मग तिनं कोपऱ्यातलं ते ताट ओढून स्वतःसमोर घेतलं, आपलं बाजूला सारलं, आणि माझ्या हातातलं पातेलं घेऊन स्वतःच खीर वाढून घेतली. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण खात होती. मी तशीच उभी, पातेलं गेलं तरी हात पुढे. तिनं मान वर केली, हातानं नाक पुसलं आणि जरा वैतागूनच म्हणाली, "आंटी, स्पून्स किचनमध्ये आहेत. घ्या ना तुमचं तुम्ही."

मी वळले आणि तुझ्या स्वयंपाकघरात गेले.